मागून हाक

आमच्या सासूबाई बाहेर निघालेल्या माणसाला कधी मागून हाक मारत नसत. कुणी काही विसरलं तर पदर खोचून धावत, आडवाटेने पुढे जात, त्याच्या समोर उभ्या राहत आणि मग बोलत. मामंजींना त्यांनी एकदा मागून हाक मारली होती, छत्री राहिली म्हणून. मामंजी वळले, छत्री घेतली, आणि त्याच दिवशी होडी उलटून ते गेले. तेव्हापासून त्या जिभेला कुलूप लागलं ते लागलंच.

त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझे यजमान जयराम, साखळीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. ते या सगळ्याला हसत. गोवा मुक्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. दाबोळीला विमानं उतरत होती, तिकीट काढलं असतं तर कुणीही सुखाने खुर्चीत बसून मुंबईला गेलं असतं. पण ह्यांना बसून जायचं नव्हतं. ह्यांना आमच्या डिचोलीच्या उंच सड्यावरून पाखरासारखं खालच्या मळ्यात उतरायचं होतं, तेही घरी बांधलेल्या पंखांनी. खाऊन-पिऊन सुखी माणसाला दुःख कसं लागतं, ते हे असं.

पंख चिवाऱ्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्यांचे केले, वर मांजरपाट ताणला, त्याला मी तांदळाची खळ शिजवून दिली. इंजिन नाही, चाकं नाहीत. मधल्या दोन काठ्यांवर काखा टेकून माणसाने लोंबायचं, पाय पुढे-मागे हलवून तोल राखायचा. मागे लांब दांड्यावर शेपटी. जर्मनीतला लिलिएन्थाल असाच टेकडीवरून दोन हजार वेळा उडाला, असं हे कौतुकाने सांगत. शेवटी वाऱ्याच्या झोताने त्याच्या विमानाचं नाक वर गेलं, पंखांची ताकद संपली आणि तो कोसळून मेला, हेही त्याच कौतुकाने. मला त्या दोन हजारांतली फक्त शेवटची एक दिसायची. आठवडाभर मी रडले, भांडले, बोलणं सोडलं. पालथ्या घड्यावर पाणी!

"पंखांनी कोण उडत नाही, तोलाने उडतात," हे म्हणत. तो तोल बघायला त्यांनी सगळं धूड अंगणातल्या आंब्याला दोरीने टांगलं आणि आपल्या वजनाची वाळूची पोती मध्ये अडकवली. अर्धा दिवस खटपट केल्यावर ते एकदाचं आडवं, शांत राहिलं. तेवढ्यात आमची कोंबडी उडून शेपटीवर बसली. झालं! शेपटी खाली, नाक आभाळाकडे, कोंबडी केकाटतेय. आई, म्हणजे सासूबाई, इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आठवडाभरात त्या हसल्या ते तेवढंच. बाकी सारखे डोळे पुसत होत्या.

उडायच्या दिवशी मात्र आई एकदम शांत. सकाळी रव्याची पेज केली, ह्यांना आग्रहाने वाढली. दुपारी समुद्राकडून वारा सुरू झाला, तशी शाळेतले दोघे मास्तर आले. सगुण मास्तरांनी एक पंख धरला, दत्ताराम मास्तरांनी शेपटी खांद्यावर घेतली, आणि वरात निघाली.

"जयराम, शेपटी जड लागता रे आज," दत्ताराम मास्तर धापा टाकत म्हणाले.

"पाव-उंडे कमी खा," हे म्हणाले. सगळे हसले. मी हसले नाही.

आई आणि मी मागून चढत होतो. मी दर चार पावलांवर वर बघत होते, आणि बाजूला आई हरितालिकेला निघाल्यासारख्या चालत होत्या, हातात पाण्याचा तांब्या. मला त्यांचा राग आला. म्हटलं, "आई, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"आता माका भय नाय," त्या म्हणाल्या. "सड्याच्या राखणदाराचो नारळ शेपटेक बांधललो आसा. उरलल्या मांजरपाटात शिवलंय, कोणाक दिसाचो नाय. तो राखणदार धरतलो त्याका मागसून."

राखणदार म्हणजे आमचा सडा सांभाळणारा देव. नव्या मोटारीला नारळ-लिंबू बांधतात, होडीला बांधतात. त्या माउलीने विमानाला बांधला होता. तोही अख्खा, काथ्याच्या सोडणासकट, शेपटीच्या अगदी टोकाला!

वर बघितलं. कड्याच्या टोकाशी हे काखेत काठ्या धरून उभे होते, वाऱ्याचा अंदाज घेत. मध्ये शेदीडशे पावलांचा चढ.

"अहो! थांबा! अहो!" मी ओरडत धावले. चपला सुटल्या, खडपाच्या धारेने पाय कापला. वारा तोंडावर येत होता, तरी त्यांना ऐकू गेलं. त्यांनी न वळताच हात हलवला. बायको आठवडाभर थांबा-थांबाच करत होती, आज वेगळं काय म्हणणार होती? दत्ताराम मास्तरांनी शेपटी उचलून धरली. ह्यांनी पहिलं पाऊल टाकलं.

मी मागे वळून आईंवर किंचाळले, "आई, त्या दिवशी कोंबडी बसली तसं होईल! नारळ म्हणजे ती कोंबडी! ते मरतील!"

आईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी काही कळलं नाही. मग कळलं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आडवाट शोधल्यासारखं. पुढे जाऊन समोर उभं राहायला वाटच नव्हती. त्यांच्या मुलाच्या पुढे फक्त आभाळ होतं.

"जयराम!" आई ओरडल्या. "ए जयराम! थांब रे, बाबा!"

हे जागच्या जागी थांबले. विज्ञानबिज्ञान सगळं बाजूला राहिलं. जन्मात कधी मागून न आलेली हाक आली होती. कड्यापासून चार पावलांवर ते पंखांसकट अवघडून वळले, चेहरा पांढराफटक.

"आई, काय झाला गो?"

मी पोचून शेपटीचा दांडा घट्ट धरला आणि दातांनी टाके तोडले. नारळ बाहेर आला. ह्यांनी तो तळहातावर तोलला आणि शेपटीच्या टोकाकडे पाहिलं. आईंना एका शब्दानेही टाकून बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांचे शंभर अपराध माफ केले.

मला वाटलं, आता तरी बेत मोडेल. पण ते दगडावर बसले. मागून हाक आली तर बसायचं, पाणी प्यायचं आणि मग निघायचं, हा आईंचाच नियम. आयुष्यभर त्याला हसलेल्या माणसाने त्या तांब्यातलं पाणी निमूट घोटघोट प्यायलं. आईंनी तांब्या हातातून सोडलाच नाही, अर्धं पाणी ह्यांच्या सदऱ्यावर सांडलं.

"येतो," ते म्हणाले. आईंनी तळहाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं, ज्या तोंडातून हाक गेली होती तेच.

मग ते धावले, आणि कडा संपला तरी पडले नाहीत. पाय हवेत, खाली मळा, वर मी खळ लावलेला मांजरपाट. मध्येच एक झोत आला आणि नाक वर उचललं. मी नारळ छातीशी आवळला. त्यांनी पाय जोरात पुढे फेकले. नाक हळूहळू खाली आलं. मग मळ्यात कापणीनंतरच्या खुंटांवर ते धडपडत उतरले, एक काठी मोडली, आणि आमच्याकडे पाठ करून मातीत बसकण मारली. हलेचनात.

"जयरा—" सगुण मास्तर हाक मारायला गेले, तोच आईंनी त्यांचा दंड धरला आणि नकारार्थी मान हलवली. तोंडावरचा हात तसाच होता.

त्या तशाच पायवाटेने खाली उतरल्या. मी मागोमाग. ह्यांची पाठ समोर दिसत होती, पंखांच्या मोडक्या काठ्यांमध्ये, आणि हाक मारायला माझाही जीव तळमळत होता. आईंनी सरळ वाट सोडली. शेताच्या मेरेवरून, बांधाबांधाने, लांबचा वळसा घातला, चिखलात घसरल्या, उठल्या, पुढे गेल्या आणि मुलाच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या.

मग त्यांनी तोंडावरचा हात काढला आणि हळूच म्हटलं, "जयराम."

"ओ," हे म्हणाले.