सोडणं-आणणं

न्हाणीघराची कडी आतून लागली, बादलीत पाणी पडू लागलं, तसे हिम्मतराव ओट्याशी गेले. दुरडीतली अर्धी भाकरी त्यांनी काढली, तिला चांगलं बोटभर तूप फासलं आणि जमिनीवर उकिडवे बसले.

"ये की रे," ते हळूच म्हणाले.

दाराशी पडलेला दिलेर उठला. आधी त्यानं न्हाणीघराच्या दाराकडं पाहिलं, मग भाकरीकडं. पहिल्या दिवशी त्यानं तोंड फिरवलं होतं. चौथ्या दिवशी नुसता वास घेतला होता. आज बारावा दिवस. आज त्यानं घास तर घेतलाच, वर हिम्मतरावांची बोटंही चाटून स्वच्छ केली. हिम्मतरावांना बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. लाज त्यांनी धोतराच्या सोग्याला हात पुसता पुसता पुसून टाकली.

हे करायचं नाही, असं सुभेदार एकनाथरावांनी बजावून सांगितलं होतं. एकनाथराव सिकंदराबादला राहत. सैन्यात उभा जन्म कुत्री शिकवण्यात गेलेला माणूस. निवृत्तीनंतर आंधळ्या माणसांना वाट दाखवणारी कुत्री तयार करायचं त्यांनी मनावर घेतलं, आणि तयार झालेला पहिला कुत्रा हिम्मतरावांच्या बायकोच्या, त्रिवेणीच्या वाट्याला आला. "याला खायला घालायचं ते बाईंनीच," ते म्हणाले होते. "दुसऱ्या कुणी तुकडाही द्यायचा नाही. हा चार हातांचं खायला लागला, की कामातून गेला."

कामातून जावा, हीच तर हिम्मतरावांची इच्छा होती.

त्रिवेणीची दृष्टी जाऊन चौदा वर्षं झाली होती. काचीगुड्याच्या मुलींच्या शाळेत ती इतिहास शिकवायची. आठवी, नववी, दहावी, तिन्ही पुस्तकं तिला तोंडपाठ, त्यामुळे नोकरी टिकली. अंबरपेठेतून रोज तिला स्कूटरवर शाळेत सोडायचं, हात धरून वर्गापर्यंत न्यायचं आणि मग कारखाना गाठायचा, हे हिम्मतरावांनी एक दिवस न चुकता केलं. पुढं सरकारनं कारखान्यातून अंग काढून घेतलं. साहेबांनी स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढं सरकवला आणि निम्म्या लोकांबरोबर यांनीही सही केली. त्या कागदात स्वेच्छा कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. "आता काय करता राव?" असं कुणी विचारलं, की ते छाती पुढं काढून सांगत, "मॅडमना सोडणं-आणणं. टाइमच भेटत नाही."

आणि आता तेही एका कुत्र्यानं घेतलं होतं.

"क्या साब, मॅडम आजकल कुत्ते के साथच जारैं?" असं कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं विचारलं, त्या दिवसापासून ते दुसऱ्या दुकानातून पान घेऊ लागले. ते जळत होते. सातवी फेल आणि इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा हा गडी एका चार पायांच्या जनावरावर जळत होता, आणि हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

सगळ्यात झोंबायचे ते रविवार. सहामाहीचे पेपर, चाचण्या, वहीतपासणी यांत आठवडाभर त्रिवेणीला श्वास घ्यायला फुरसत नसे. तिची मैत्रीण सुजाता मोकळ्या तासाला तिला पेपर वाचून दाखवी आणि दोघी मिळून शनिवारपर्यंत गठ्ठा संपवत, ते रविवार मोकळा मिळावा म्हणून. दसऱ्यापासून कार्तिक सरेपर्यंतचा एकही रविवार ती घरात घालवत नसे. या दिवसांतल्या हवेला वेगळा वास असतो, म्हणायची. आजवर ती या बागेतून त्या तलावावर जायची ती हिम्मतरावांच्या मागं स्कूटरवर बसून. पण दिलेर काही स्कूटरवर मावत नव्हता. यंदा ती रिक्षा करू लागली.

"तुम्ही पण चला की," ती म्हणायची.

"नक्को. तिघांची गर्दी होते," ते म्हणायचे. आणि रिक्षा गल्लीच्या टोकाला वळली, की स्कूटरला किक मारून मागं निघायचे.

त्या रविवारीही ते असेच मागोमाग गेले. त्रिवेणी पब्लिक गार्डनसमोर उतरली. रस्ता ओलांडायला ती कडेला उभी राहिली. डाव्या हातात दिलेरच्या पट्ट्याची मूठ, उजव्या खांद्याला पिशवी. पलीकडं, बागेच्या फाटकाजवळ, स्कूटर पुढं काढून हिम्मतराव आधीच सीताफळांच्या पाट्यांआड उभे होते. वारा त्यांच्याकडून तिकडं वाहत होता. दिलेरनं नाक वर केलं. शेपटी हलली.

"अरे, नको," हिम्मतराव पुटपुटले.

दिलेर निघाला. कुत्रा निघाला म्हणजे रस्ता मोकळा, एवढंच त्रिवेणीला माहीत. ती बेधडक त्याच्यामागं चार पावलं आली. ब्रेकची किंचाळी उठली, एक मॅटाडोर तिच्या पदराला घासून थांबला, आणि ती गुडघ्यावर पडली. मूठ हातातून सुटली. दिलेर धावत पाट्यांपाशी आला आणि आनंदानं हिम्मतरावांची बोटं चाटू लागला.

भर रस्त्यात बसून त्रिवेणी हातानं आजूबाजूला चाचपत होती. "दिलेर? दिलेर, लागलं का रे तुला?"

तो आवाज ऐकून हिम्मतराव पाट्यांआडून बाहेर पडले आणि तिच्याकडं धावले.

घरी आल्यावर तिनं गुडघ्याला हळद लावून घेतली. "तुम्ही कसे काय होतात तिथं?" तिनं विचारलं.

"सीताफळं घ्यायला आलतो."

"देवच पावला म्हणायचं." तिनं हळदीची वाटी बाजूला सारली. "माझंच चुकतंय. मला नाही जमायचं हे. बुधवारी सुभेदार येतील, त्यांना सांगू, घेऊन जा म्हणून."

हिम्मतरावांना हवं होतं ते मिळालं होतं.

सोमवारी सकाळी स्कूटर धुऊनपुसून दारात उभी राहिली. शाळेशी उतरल्यावर त्रिवेणीनं हात पुढं केला. तिनं तळहात दिला नाही, मनगट दिलं. चौदा वर्षं ते मनगटच धरत आले होते, हे हिम्मतरावांच्या आज लक्षात आलं. "खड्डा. पायरी. अजून एक. थांब. चल, चल," ते सांगत राहिले, आणि ती पाय घासत, अंदाज घेत मागून येत राहिली. वर्गाच्या दाराशी त्यांनी हात सोडला. तिनं मनगट चोळलं. त्यावर त्यांच्या बोटांचे लाल वळ उठले होते.

बुधवारी एकनाथराव आले. चहाला हात न लावता त्यांनी आधी दिलेरच्या बरगड्यांवरून हात फिरवला, मग त्याचं तोंड उघडून वास घेतला.

"अंग सुटलंय याचं," ते म्हणाले. "बाई, हा दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं खातोय."

"नाही हो. घरात आम्ही दोघंच," त्रिवेणी म्हणाली. "आणि हे तसलं काही करायचे नाहीत. माझ्या जिवाशी गाठ आहे, एवढं त्यांना कळतं."

हिम्मतराव खिडकीशी उभे होते. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. कुत्रा सुभेदारांबरोबर गेला असता आणि उद्या सकाळी स्कूटर दारात लागली असती.

"मी घालतो," ते म्हणाले.

त्रिवेणीनं आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

"भाकरी. तूप लावून. रोज सकाळी, तू न्हायला गेलीस की." ते खिडकीपासून पुढं आले. "रविवारी रस्त्यात पडलीस ती माझ्यापायी. त्याची काही चूक नाही."

एकनाथराव जमिनीकडं बघत बसले. त्रिवेणी सुभेदारांना म्हणाली, "आता यावर उपाय?"

"दोन वाटा आहेत. याला महिनाभर माझ्याकडं न्यायचं, पहिल्यापासून शिकवायचं. नाहीतर..." एकनाथराव अडखळले. "ज्यांच्या हातचं खातो, ते पंधरा-वीस दिवस घरात नकोत. त्यांचा वाससुद्धा नको. बाईंशिवाय दुसरं कुणी नाही, हे याच्या डोक्यात पुन्हा बसायला पाहिजे."

हिम्मतरावांनी मान हलवली. कुत्राच जाणार असं धरून, पट्टा काढून द्यावा म्हणून ते खुंटीकडं निघालेही.

"यांचे थोरले भाऊ धर्माबादला असतात," त्रिवेणी म्हणाली. "दसऱ्याला बोलावलं होतं त्यांनी. तेव्हा जायचं राहूनच गेलं."

हिम्मतरावांचा हात खुंटीजवळच थांबला.

बॅग तिनंच भरली. कपाटातले शर्ट हातानं चाचपून चार चांगले निवडले, रक्तदाबाच्या गोळ्या रुमालात बांधून वर ठेवल्या. रागाचा एक शब्दही ती बोलली नाही. बोलली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीला ती दिलेरला घेऊन स्टेशनवर आली. सुभेदारांच्या हुकुमाप्रमाणं हिम्मतराव पंधरा पावलं मागून, कुत्र्याकडं न बघता चालले. काचीगुड्याच्या फलाटावर ही गर्दी. हमाल, ट्रंका, पाण्याच्या सुरया. त्या सगळ्यातून वाट काढत ती डब्यापाशी येऊन उभी राहिली. ते आत चढून खिडकीशी बसले.

"परत कशी जाशील?" त्यांनी विचारलं.

"आलो तसे जाऊ."

त्या 'आलो'मध्ये आपण नाही, हे त्यांना कळलं. शिट्टी झाली.

"पोचलात की फोन करा," ती म्हणाली. "आणि परतीची गाडी कुठली ते कळवा. मी येते घ्यायला."

"तू?"

"हो. मीच."

"बरं," ते म्हणाले.

गाडी हलली. त्रिवेणीनं मूठ धरली, काहीतरी हळूच सांगितलं, आणि दोघं वळली. हिम्मतरावांनी खिडकीच्या गजांना गाल लावला. ती खाली पाय घासत नव्हती. मान वर, खांदे मोकळे, ती झपझप चालली होती, समोरची माणसं बाजूला होत होती. इतक्या वर्षांत ती एवढी भरभर चालते हे त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्यांचा डबा फलाटाबाहेर पडायच्या आत ती फाटकातून बाहेर गेलीसुद्धा.