तेविसावा संदर्भ

तिळाएवढं करडं प्रश्नचिन्ह. यादीतल्या तेविसाव्या संदर्भाच्या शेजारी, समासात. वरच्या बाविसांपुढे बरोबरच्या हिरव्या खुणा होत्या, खालच्यांपुढेही होत्या, आणि मध्येच हे... पडद्याला काहीतरी चिकटलं असेल असं वाटून तिनं ते नखानं खरवडून पाहिलं. गेलं नाही.

सकाळपासून ती गांडुळांवरच्या संशोधन-लेखाची संदर्भयादी लावत बसली होती. नियतकालिकाचे नखरे नेहमीचेच — आधी आडनाव, मग आद्याक्षर पण त्यापुढे टिंब नको, साल कंसात, खंड ठळक, पानं शेवटी. विभागातले बाकीचे या कामाचं नाव काढलं की पळ काढत. तिला ते मनापासून आवडायचं. तिला 'चालतं कपाट' म्हणत सगळे. कुणाचं काही अडलं की तिच्या टेबलाशी यायचं आणि तिनं मान वर न करता लेखक, साल, खंड, पान सांगून त्याला वाटेला लावायचं. यादीसुद्धा ती आठवणीतूनच टाइप करायची. मग तपासणीचा प्रोग्रॅम चालवायचा, तोही आपला रीत म्हणून. आजवर एखाद्या राहिलेल्या स्वल्पविरामापलीकडे त्याला तिच्या कामात काही सापडलं नव्हतं.

तिनं तो खंड उघडला. एकतिसावा. दोनशे बारावं पान होतं, पण ते पक्ष्यांच्या अंड्यांवरच्या कुठल्याशा लेखाच्या मधोमध होतं. पहिल्या लेखकानं जन्मात गांडुळाला हात लावलेला नव्हता. दुसऱ्या नावाचा माणूसच कुठे सापडेना. शीर्षक तिनं शब्द फिरवून फिरवून टाकलं, साल मागेपुढे करून पाहिलं, आणि दर वेळी पडदा तिला तेच, अगदी नम्रपणे सांगत राहिला — असा लेख नाही.

पण मी तो वाचलाय!

उजव्या हाताचं पान, खालचा अर्धा भाग, तीन रेषांचा आलेख, त्यातली सगळ्यात खालची रेष तुटक. थंडी वाढली की गांडुळं मातीतलं तांबं अंगात साठवून ठेवतात, असं त्या तुटक रेषेवरून दिसत होतं, आणि त्या एका वाक्यावर तिच्या लेखाचा अख्खा उत्तरार्ध उभा होता. वाचताना ती संत्रं सोलत होती. बोटांचा वास पानाला लागू नये म्हणून तिनं करंगळीनं पान उलटलं होतं... करंगळीसुद्धा आठवतेय. करंगळी आठवते म्हणजे —

म्हणजे काय?

बाबाही असेच काटेकोर. कारखान्यांचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. एखादी रेघ चुकली तर त्यांना जेवण गोड लागत नसे. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "काल तो येऊन गेला, माझ्या ऑफिसातला. हिरवा स्वेटर होता अंगात, कोपराला रफू केलेला. बसला नाही, दारातूनच गेला." आई म्हणाली, काल कुणी आलंच नाही. तेव्हा आईवर डाफरलं कोण, तर हीच कपाटबाई. "अगं, रफूसुद्धा सांगतायत ते! माणूस आल्याशिवाय रफू दिसेल का?" एवढा तपशील आहे, तर खरंच असणार. तिचा सगळा व्यवसायच या एका समजुतीवर चालला होता. तो हिरव्या स्वेटरवाला कधीच आला नव्हता, हे पुढे कळलं. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आणि बाबा तेव्हा तिच्या आजच्या वयाहून दोन-तीन वर्षांनीच मोठे होते.

वाद घालू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग घर शिकलं. "हो बाबा, आला होता की." आई, दादा, ती — सगळ्यांचा एकच स्वर, थोडा जास्त लवकर, थोडा जास्त गोड. तो ऐकला की बाबा हात मांडीवर ठेवून गप्प बसायचे. आई म्हणायची, समाधान झालं त्यांचं.

"अगं, तेवीस नंबरचं हे कुठून पैदा केलंस?"

ती दचकली. शेजारच्या टेबलावरचा संख्याशास्त्रज्ञ, लेखाचा दुसरा लेखक, खुर्ची सरकवत आला होता. त्याच्याही पडद्यावर तीच यादी होती आणि तेच प्रश्नचिन्ह.

"सापडत नाहीये," ती म्हणाली.

"सापडेल कसं? मुळात नाहीच ते." त्यानं आवाज खाली आणला. "त्या एआयच्या मशीनला विचारलंस ना? खरं सांग. ते असंच बिनधास्त ठोकून देतं. नाव, साल, पान, सगळं एकदम टापटीप."

महिन्यापूर्वीच तिनं याच खोलीत मशीनच्या नादी लागणाऱ्यांची बिनपाण्यानं केली होती. आता नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता — मग आलं कुठून?

"हो," ती म्हणाली. फार लवकर म्हणाली.

तो खो खो हसला. "घ्या! शेवटी कपाटसुद्धा बाजारातून माल आणायला लागलं! जाऊ दे, कुणाला नाही सांगत. काढून टाक ते. आणि ते वाक्यही काढ, उत्तरार्ध बघू आपण." तिच्या टेबलावर टिचकी मारून तो गेला. तिला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी सुटल्यासारखंही वाटलं. लबाड ठरणं किती सोपं होतं!

तिनं ओळ पुसली. चोविसावा संदर्भ गुमान वर सरकून तेविसाव्याच्या जागी बसला, त्याच्यामागून बाकीचे. यादी पुन्हा सलग, सगळीकडे हिरवं. फक्त संत्र्याचा वास गेला नाही. मग तिनं उरलेले सगळे लेख एकेक करून उघडले, डोळ्यांनी पान पाहिलं. सगळे खरे निघाले. पण धीर येईना, कारण आत, डोक्यात, हे खरे आणि तो खोटा एकाच रंगाचे होते. कशालाच प्रश्नचिन्ह नव्हतं. प्रश्नचिन्ह फक्त बाहेर लागत होतं, आणि जे कुठल्याच खंडात छापलेलं नाही त्याला कोण लावणार? ऑफिसात काल काय बोलले... लग्नाआधी काय ठरलं होतं... आईचे शेवटचे शब्द...

घरी आल्यावर तिनं चप्पलसुद्धा न काढता दादाला फोन लावला.

"दादा, बाबांनी शेवटी एकदा ओळखलं होतं ना मला?"

शेवटचं वर्षभर बाबा तिला 'नर्सबाई' म्हणत होते. मग एका दुपारी, खिडकीपाशी, त्यांनी तिच्या डाव्या बाहीचं सुटलेलं बटण लावून दिलं आणि म्हणाले, "टिंबे, बटण लावत जा गं." टिंब — लहानपणचं नाव, फक्त त्यांनी ठेवलेलं. त्या एका वाक्यावर ती इतकी वर्षं उभी होती.

"बटण लावून दिलं होतं," ती म्हणाली. "टिंबे म्हणाले. तू दारात होतास."

पलीकडे टीव्ही चालू होता, त्याचा आवाज कमी झाला.

"काय गं, आज एकदम?"

"सांग ना. होतास ना तू?"

"हो गं. होतो की. ओळखलं होतं तुला."

थोडं जास्त लवकर. थोडं जास्त गोड. की तो नेहमीसारखंच बोलला होता, आणि मलाच... तिनं तो स्वर पुन्हा कानात आणून पाहिला, पण तोवर त्याचीही आठवणच झाली होती.

"ऐकतेस ना? बरी आहेस ना तू?"

ती गप्प बसली. अगदी बाबांसारखी, मोकळा हात मांडीवर ठेवून. समाधान नव्हतं ते, आई. त्यांना आपला स्वर कळायचा. कळायचा, आणि त्यानंतर खरं काय ते विचारायला त्यांना कुणी उरायचंच नाही, आणि आपण मात्र सुटकेचा श्वास टाकून आपापल्या कामाला लागायचो.

"ऐकतेय," ती म्हणाली, आणि डाव्या बाहीचं बटण चाचपत राहिली.