सुभाषरावांची दुपार

मी बोलतोय तो बडोद्यातल्या एका पलंगाशेजारच्या तिपाईवरून, क्रोशाच्या रुमालाखालून. मी नाकाला हवा पुरवणारं मशीन. डॉक्टर मला सीपॅप म्हणतात, या घरात नुसतं 'ते' म्हणतात. झोपेत ज्यांचा घसा आतून मिटतो आणि श्वास अडतो, त्यांनी माझा मास्क बांधायचा आणि मी हवेचा दाब देऊन ती वाट उघडी ठेवायची, एवढंच माझं काम.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जाण आली ती दुकानातल्या खोक्यात. तिथून सुभाषरावांनी मला मकरपुऱ्याच्या घरी आणलं, तेही शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून भाजीच्या पिशवीत, वर मेथीची जुडी ठेवून. सुरुवातच अशी अपमानाची! पण माणूस चांगला निघाला, म्हणून मी ते मनाला लावून घेतलं नाही.

सुभाषराव वाघोडियाच्या एका कारखान्याची बस चालवायचे. सकाळी कामगारांना सोडायचं, दुपारी घरी यायचं, संध्याकाळी पुन्हा आणायला जायचं. सव्वीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. मग एका संध्याकाळी चालत्या बसमध्ये त्यांचा डोळा लागला आणि गाडी दुभाजकाला घासत गेली. कोणाला खरचटलंही नाही, पण आत बेचाळीस माणसं होती. कंपनीनं बस काढून घेतली आणि त्यांना गॅरेजमध्ये बसवलं. सुभाषभाई आता आळसावले, असं लोक बोलायला लागले. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

तपासणीत निघालं की झोपेत तासाला तीस-तीस वेळा त्यांचा श्वास अडतो. डॉक्टर हार्दिकभाईंनी सांगितलं, महिनाभर मशीन लावा, झोप सुधारली तर गाडी चालवायला हरकत नाही अशा कागदावर मी सही करतो. तो कागद मिळाला तरच बस परत मिळणार होती.

पहिले दिवस आमचं अजिबात जमेना. मास्क लावला की त्यांचा जीव घुसमटायचा, पट्टे ओढून ते मला उशीखाली कोंबायचे. मिशीतून हवा फुसफुसत बाहेर पडायची. त्यात स्नेहलताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, माझ्या पाण्याच्या टाकीत निलगिरीचे थेंब टाकले. वाफाऱ्यात टाकतात ना, तसे! सुभाषराव शिंकून बेजार, आणि डॉक्टरांनी फोनवर झापलं ते वेगळंच. शेवटी बाईंनीच तोड काढली. संध्याकाळी बातम्या बघताना मास्क लावून बसायचं, म्हणजे सवय होईल. बातम्यांवर चिडले तरी त्यांना बोलता येत नाही, हा बाईंचा जास्तीचा फायदा. हळूहळू रात्री जमू लागल्या. एका सकाळी सुभाषराव म्हणाले की आज डोकं जड नाही, आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण दुपार माझ्या वाट्याला येतच नव्हती. गॅरेजमधून आले, वरण-भात जेवले, की ते बाहेरच्या खोलीत दिवाणावर पंखा फुल करून पडायचे. मी आत रुमालाखाली. घोरणं ऐकू यायचं, मग एकदम शांत, मग धाप. शेजारी बाई भाजी निवडत बसलेल्या असायच्या, आणि श्वास थांबला की त्यांचे हातही थांबायचे. त्या मशीन लावा म्हणाल्या तर उत्तर ठरलेलं.

"अगं, झोपतो कुठे मी? जरा आडवा होतो."

त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. इथे जेवण झालं की अर्धी गल्ली आडवी होते आणि त्याला कोणी झोप म्हणत नाही. झोप म्हणजे रात्रीची. पण उठल्यावर ते चहाच्या कपावर पेंगायचे, आणि बस परत मिळाली तर ती काढायची वेळ नेमकी त्यानंतरच येणार होती.

महिना झाला. मलाही दवाखान्यात नेलं. माझ्या आतल्या कार्डावर नोंदलेल्या रात्री बघून हार्दिकभाई खूश झाले, पेन हातात घेतलं आणि सहज विचारलं, दुपारी झोपता का? सुभाषराव नाही म्हणाले. बाई मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिल्या. मी काय करणार? मला आवाज आहे तो फक्त फूः करण्यापुरता.

डॉक्टर कागदावर वाकले आणि त्यांनी विचारलं, संध्याकाळची बस किती वाजता सुटते? सुभाषराव साडेपाच म्हणाले आणि मग त्यांनीच सांगून टाकलं.

"साहेब, बपोरे हुं ऊंघुं छुं. मशीन वगर." दुपारी झोपतो, मशीनशिवाय.

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. आणखी एक महिना, दुपारी पण मशीन.

परतताना रिक्षात बाई रडत होत्या. कागद हुकला म्हणून, असं सुभाषरावांना वाटलं. ते समजूत काढायला लागले तर बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मीही गप्प बसले. तुम्हाला बस मिळावी म्हणून. त्या बेचाळीस जणांच्या बायका घरी वाट बघतात, हे मला सुचलंच नाही." सुभाषरावांनी नुसता बाईंचा हात धरला.

आता मला रोज जेवणानंतर दिवाणापाशी नेतात. अजून अकरा दुपारी बाकी आहेत. सही होईल की नाही, मला ठाऊक नाही. चहाच्या वेळी मात्र ते पेंगत नाहीत.

निरोप घेण्याआधी एक मागणं आहे. तुमच्या बसचा ड्रायव्हर जांभया देताना दिसला तर हसू नका आणि त्याला आळशीही म्हणू नका. उतरताना एवढंच विचारा, भाऊ, झोप होते ना? सुभाषरावांना सव्वीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.