कोरे तीन दिवस

रुग्णालयातले संगणक सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. कुठल्या संगणकात कोण कधी शिरलं, कुणाचा रिपोर्ट कुणी उघडला, याच्या नोंदी, म्हणजे लॉग, एका जागी गोळा करणारी व्यवस्था ताईंनीच सात वर्षांपूर्वी उभी केली होती. पोटच्या पोरासारखी जपली होती.

आता बारा वाजता मोठ्या डॉक्टरांना एकच उत्तर हवं होतं: हीच वाढवायची, तयार विकत घ्यायची, की बाहेरच्या कंपनीच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं?

"आपलीच बरी," असं ताईंनी लिहूनही ठेवलं होतं. दाखवायला म्हणून त्या गेल्या महिन्याच्या नोंदी काढायला बसल्या. नऊ, दहा, अकरा तारीख कोरी! डिस्क भरल्यामुळे नोंदी थांबल्या होत्या. बारा तारखेला त्यांनी सवयीने जुन्या फायली पुसल्या, तेव्हा आपोआप सुरू झाल्या. ते तीन दिवस आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. "फोन बंद कर गं बाई," आई म्हणाली होती, "मी काय रोज आंधळी होत नाही."

कुणाला कळलं नव्हतं. गप्प बसलं तर कळणारही नव्हतं.

बारा वाजता ताई मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. 'आपलीच बरी' लिहिलेला कागद त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

"डॉक्टर, तीन दिवसांचे लॉगच नाहीत. मी रजेवर होते."

"तेवढ्यात कुणी शिरलं असेल तर?"

"सांगता येणार नाही."

"मग देऊन टाकू बाहेर."

"पेशंटची नावं बाहेर जातील. तयार घेऊ, पण इथेच बसवू. आणि माझ्या जोडीला एक माणूस द्या. माझी व्यवस्था बंद करू. ती माझ्या एकटीच्या जिवावर चालते."

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, घ्या. पण त्या तीन दिवसांचं मला लेखी हवं. आजच."

ताई तडक वॉर्डात गेल्या. प्रत्येक संगणक महिनाभराच्या नोंदी स्वतःजवळही ठेवतो. त्या पुसल्या जाण्याआधी गाठायच्या होत्या. संध्याकाळपर्यंत दहा आणि अकरा तारीख पुरी सापडली, नऊही जवळपास सगळी. एक्स-रे खोलीतली नऊ तारीख मात्र महिना भरल्यामुळे सकाळीच पुसली गेली होती.

ताईंनी तेही लिहून दिलं. त्या दिवशी तिथे काय झालं, ते त्यांना कधीच कळलं नाही.