खांद्यातला अंगठा

योगराजच्या डाव्या खांद्यात, मानेच्या जरा खाली, मगन आबांचा अंगठा राहत होता. आबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. अंगठा मात्र गेला नव्हता.

दोंडाईच्याजवळच्या त्या गावात आबा कीर्तन करायचे आणि योगराज त्यांच्या मागे मृदंग वाजवायचा. जोडी तरुणपणापासूनची. आबांची एक रीत होती, ती समोरच्या श्रोत्यांना कधी कळली नाही. अभंगाचं शेवटचं चरण रंगात आलं, की आबा नाचत नाचत मागे सरकायचे, योगराजच्या डाव्या खांद्यावर हात टाकायचे आणि अंगठा रुतवायचे. एवढीच खूण. अंगठा रुतला, की योगराज संथ ठेक्यातून उठून द्रुत लयीत झेप घ्यायचा, टाळकरी उसळायचे, आणि मंडपातली गुडघे धरून बसलेली म्हातारी माणसंसुद्धा डोलू लागायची. लोक म्हणायचे, "काय मृदंग शे भाऊ! महाराजना मनमातलं याले कसं समजस?" योगराज नुसता हसायचा. देवाच्या दारात दोघांचं एखादं गुपित असलं, तर त्याने भक्ती काही उणी होत नाही.

मग रावेरच्या कीर्तनाहून परतताना त्यांची पिकअप, मागचा दिवा नसलेल्या केळीच्या ट्रॅक्टरवर आदळली. आबा जागीच गेले. योगराजच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड यथावकाश जुळलं, पट्टा निघाला, एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "झालं, आता वाजवा खुशाल." पण डावा हात काही छातीच्या वर जाईना. मृदंगाची उजवी बाजू, शाईची, पूर्वीसारखीच टणटणीत बोलायची. डाव्या तोंडाला कणीक लावून त्यावर थाप टाकली, की पोत्यावर हात पडल्यासारखा आवाज. घुमारा म्हणून नाही. योगराजने मृदंगाला खोळ चढवली ती चढवली.

आणि तो अंगठा. पहिल्यांदा जेवताना रुतला. योगराजचा घास तोंडाशी थांबला, मांडीवरच्या डाव्या हाताची बोटं आपोआप उडाली, जणू ठेका बदलायचा होता.

"काय व्हयनं? घास हातमाच राही गया," बायको बेबाबाई म्हणाली.

"आबा उनात."

बेबाबाईने भाकरी तव्यावर तशीच ठेवली. दाराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "कोठे शेत?"

"आठे." त्याने खांदा दाखवला. "दाबी राहिनात."

बेबाबाई घाबरली, पण घाबरली की ती जास्त बोलायची. "त्यासले सांगा, पहिले जेवू द्या मना नवराले."

पुढे ते रोजचंच झालं. गिरणीवर दळण चालू असताना, आरतीला उभं असताना, न्हाव्याकडे मान खाली घालून बसलेला असताना. ना धोतराची सळसळ, ना बुक्क्याचा वास, ना चेहरा. फक्त अंगठा. योगराज वळून पाहायचा. मागे भिंत असायची. हळूहळू तो भिंतीला पाठ टेकवेनासा झाला. मध्ये कोणी चेंगरायला नको.

बेबाबाई गुपचूप एका भगताकडे जाऊन आली. भगत म्हणाला, उतरवता येईल, पण एक कोंबडं लागेल.

"माळकरी माणूसना नाववर कोंबडं?" योगराज भडकला. "आबा उतरतीन नही, त्या भगतनाच खांदावर जाई बसतीन!"

दोघंही हसली. हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की आबा दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर गेलेले त्याला चालणार नव्हते.

अशात आबांची मुलगी रत्ना आली. ती जळगावला शाळेत शिकवायची. लहानपणी आबांच्या मांडीवर कीर्तन ऐकत झोपणारी पोर, आता चांगली ठाम झाली होती.

"योगराजनाना, आबांच्या वर्षश्राद्धाला मी कीर्तनाला उभी राहणार आहे."

"बरं माय. चांगलं शे."

"मृदंग तुमचा."

"मना हात उठस नही, रत्ना. अमळनेरकडला तो भूषण शे, चांगला वाजाडस."

"भूषणदादा चांगलेच वाजवतात. पण माझ्या आबांच्या मागे त्यांनी कधी वाजवलं नाही." मग तिचा आवाज थोडा खाली आला. "मागे तुम्ही नसलात तर मी उभीच राहू शकणार नाही, नाना. तुम्ही हो म्हणेपर्यंत मी कीर्तनाची पत्रिका छापू देणार नाही. तुम्ही माझ्याबरोबर धुळ्याला चला. तिथे स्नायूंच्या डॉक्टर आहेत."

योगराजला नाही म्हणता आलं नाही.

धुळ्याच्या डॉक्टर मोनाली पावरा सातपुड्याच्या पायथ्याकडच्या, वयाने रत्नाएवढ्याच. त्यांनी योगराजला पालथं झोपवलं, खांदा बोटांनी चाचपला, आणि नेमक्या त्या जागी थांबल्या. आजवर तिथे एकाच माणसाचं बोट पोचलं होतं.

"स्नायूत जी बारीक वीज खेळते, ती हे यंत्र ऐकवतं," डॉक्टर म्हणाल्या. "आधी चांगला खांदा बघू."

केसासारखी सुई उजव्या खांद्यात गेली. स्पीकर जरासा खरखरला आणि गप्प झाला. पडद्यावरची रेघ सरळ.

"सैल पडलेला स्नायू असाच असतो. काही बोलत नाही."

मग डावा खांदा. सुई हळूहळू आत सरकली, आणि स्पीकरमधून आवाज आला. शंख कानाला लावल्यावर येतो तसा. लांबचा, न थांबणारा. मध्येच टप, टप, टप असे ठिपके.

"हात सैल सोडा, नाना."

"सोडेलच शे."

"हो, सोडलाय," डॉक्टर हात उचलून पाहत म्हणाल्या. त्यांनी सुई तांदळाच्या दाण्याएवढी बाजूला नेली. आवाज बंद. परत आणली. शंख पुन्हा सुरू. "सगळा स्नायू झोपलाय. एवढी गाठ तेवढी जागी आहे."

रत्ना खुर्चीवरून उठून स्पीकरजवळ जाऊन उभी राहिली.

डॉक्टर सांगत होत्या, "मार बसला तेव्हा या स्नायूने मोडलेलं हाड आवळून धरलं. हाड जुळलं, तरी इथले काही तंतू आवळलेलेच राहिले. मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथे वीज झिरपत राहते, असं दिसतं. नेमकं का, यावर आमच्यात अजून वाद आहेत."

"वाद कशाले?" योगराज उशीत तोंड खुपसून म्हणाला. "माले माहीत शे, कोन शे ते."

आणि त्याने सांगितलं. इतक्या वर्षांत बेबाबाईशिवाय कोणाला न सांगितलेली खूण, मागे सरकणारे आबा, रुतणारा अंगठा. सांगत असताना शंख चालूच होता.

डॉक्टर हसल्या नाहीत. "अंगठा कोणाचा, हे यंत्र सांगत नाही. दाब खरा आहे, एवढं सांगतं. गाठीत सुई टोचली तर ती एकदा जोरात उडेल आणि बहुतेक शांत होईल. मग व्यायाम करायचा. हात उठेल असं वाटतं."

"आन् आबा?"

योगराजने सुई काढायला लावली, उठून बसला आणि सदरा मागितला. एकदा आबांना रस्त्यावर सोडून आलो होतो, मला अँब्युलन्समध्ये घालताना त्यांचा हात सुटला होता. आता पुन्हा, स्वतःच्या हाताने?

रत्नाने सदरा दिला नाही. ती तो छातीशी धरून उभी होती.

"वर्षभर मी दर सुट्टीला येऊन आबांच्या घरात त्यांची चाहूल ऐकायला कान टवकारून बसले," ती म्हणाली. "मला काही आलं नाही. एक आवाज नाही. आणि ते तुमच्याकडे होते." तिचे डोळे भरले, पण ती रागावलेलीही होती. "नाना, एक सांगा. आबांनी अंगठा दाबला, की तुम्ही काय करायचात?"

"लय वाढवायचो. पुढे निघायचो."

"थांबायचात का कधी?"

"थांबनार कसा? ते 'निघ' म्हणेत ना."

"मग वर्षभर ते दाबताहेत, आणि तुम्ही?"

योगराजला वर्षभराचं आपलंच रूप दिसलं. घास हातात धरून थांबलेला तो, आरतीत टाळी विसरून थांबलेला तो, मृदंगाला खोळ चढवलेला तो. जन्मभर ज्या खुणेवर धावला, तीच खूण मिळाल्यावर वर्षभर जागीच उभा राहिला होता. आबा असतील तर खांद्यावर दाबून दाबून त्यांचा अंगठाही दुखत असेल.

तो पुन्हा पालथा झाला. "टोचा, ताई."

सुई गाठीत शिरली आणि खांदा जाळ्यातल्या मासळीसारखा उडाला. स्पीकरमध्ये लाह्या फुटल्या. पुन्हा एकदा. मग शंखाचा आवाज बारीक होत गेला, आणि खोलीत फक्त पंखा ऐकू येऊ लागला.

"गयात," योगराज म्हणाला.

रत्नाने तोंडाला ओढणी लावली.

त्या दिवसानंतर घरी त्याला जास्त भीती वाटू लागली. आधी मागे कोणीतरी होतं. आता खरोखरच भिंत होती. तो व्यायाम करायचा, धुळ्याला जायचा, मृदंगाला कणीक लावायचा. हात वर येऊ लागला, थाप घुमू लागली. बेबाबाई गिरणीवर दळणाला आलेल्या बायकांना सांगायची, "मना घरमा आते दोनच मानसं शेत," आणि सांगता सांगता दाराकडे पाहायची.

आबांच्या वर्षश्राद्धाला सकाळी मंडप भरला. भूषण टाळकऱ्यांत उभा राहिला होता. रत्नाचा पहिला स्वर कापरा निघाला, मग सावरला. योगराजचा डावा हात बोलत होता. निरूपण झालं, माणसं हसली, रडली, आणि शेवटचं चरण आलं.

योगराज ठेका धरून वाट पाहत राहिला.

खांदा गप्प होता. एक आवर्तन गेलं, आणखी एक. टाळकरी त्याच्याकडे पाहू लागले. त्याने सगळा जीव त्या जागेत नेऊन ऐकलं. काही नाही. उजव्या खांद्यासारखाच तोही नुसता खांदा होता. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. समोर रत्ना एकटी गात होती, तिचा दम लागलेला त्याला ऐकू येत होता.

मग तो निघाला. कोणी न सांगता.

आणि चुकला. रत्नाची ओळ अजून मधेच होती; मृदंग तिच्या पुढे निघून गेला. टाळ विस्कटले. मंडपातल्या जाणत्यांनी माना वर केल्या. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

रत्नाने वळून पाहिलं. आबा कधीच वळले नव्हते. त्यांना गरजच नव्हती. योगराजने तिला मानेने सांगितलं, ये. तिने अर्धी ओळ तिथेच टाकली आणि विठ्ठलाचं नाव उचललं. भूषणने टाळ जुळवले, मागची रांग सावरली, मंडप उठून उभा राहिला.

योगराजने रत्नाच्या ओठांवर नजर रोखली. पुढचा शब्द कोणता येतो, ते आता पाहून पाहूनच वाजवायचं होतं.