ओठांतली काडी

व्यायाम सुरू होऊन पाच आठवडे झाले तरी माझ्या नातीचं तोंड उघडंच होतं. चित्र काढताना उघडं, पुस्तक वाचताना उघडं, झोपेत तर विचारूच नका.

घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. वय नऊ. लहानपणी नाकामागे गाठ वाढली होती, म्हणून तोंडानं श्वास घ्यायची सवय लागली. गाठ काढून वर्ष उलटलं, नाक मोकळं झालं, पण तोंडाला त्याचा पत्ताच नव्हता. जीभ खाली लोळत राहायची, बोलताना दातांमधून बाहेर डोकवायची आणि शब्द ओलसर, बोबडे निघायचे. पुढचे दातही सरकू लागले होते. दातांचे डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांत जिभेनं आपली जागा धरली नाही, तर दातांमागे तारेचा पिंजरा बसवावा लागेल. त्यांनी तो दाखवलाही. त्या दिवसापासून भिंगरी त्या दवाखान्याच्या रस्त्यानं यायलासुद्धा तयार नव्हती.

म्हणून दर बुधवारी आम्ही जिभेचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे जाऊ लागलो. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, दिवसभर नोकरीवर. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, हे माझ्यावर सोड, असं मी तिला छातीठोकपणे सांगितलं होतं.

व्यायाम तसे सोपे. जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर टेकवायचं. अख्खी जीभ टाळूला चिकटवून ‘टॉक्’ करून सोडायची. आणि सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम म्हणजे एक चपटी लाकडी काडी नुसत्या ओठांत धरून अर्धा तास नाकानं श्वास घ्यायचा. मी भिंतीवर तक्ता लावला. रोज तीस मिनिटं, रोज एक खूण. एकही दिवस चुकला नाही.

सहाव्या बुधवारी मॅडमनी घड्याळ लावलं. चौथ्या मिनिटाला काडी खाली पडली. दुसऱ्यांदा तिसऱ्याच मिनिटाला. मी भिंगरीवर डाफरलो. घरी जमतं आणि इथंच काय होतं तुला, असं नको तितक्या मोठ्या आवाजात विचारलं. तिनं वाकून काडी उचलली.

मॅडमनी मला शांतपणे विचारलं, की त्या अर्ध्या तासात घरी नेमकं काय चालतं. मी अभिमानानं सांगितलं, की एक मिनिट वाया जात नाही. पाढे होतात, ग्रहण कसं लागतं ते होतं, नदी का वळते ते होतं. मी विचारतो, ती सांगते.

“सांगते कशी?” मॅडमनी भिंगरीकडे पाहिलं.

“काडी काढून. उत्तर बरोबर आलं की परत ठेवते.”

“आणि चुकलं तर?”

“मग आजोबा समजावतात. त्याला वेळ लागतो.”

मॅडम हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “सर, रोजची तीस मिनिटं तुमची झाली. तिची झालीच नाहीत.”

परतताना मी आधी मॅडमवर चिडलो, मग काडीवर, आणि घर येईस्तोवर चिडायला दुसरं कोणी उरलं नाही. संध्याकाळी मुलीला सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. “बाबा, ताप मोजताना थर्मामीटर तोंडात असायचा, तरी तुम्ही मला पाढे विचारायचात,” ती म्हणाली. तिनं मला दुसऱ्या खोलीत बसायला सुचवलं. पण जवळ कोणी नसलं की भिंगरी काडी ठेवून उठते. बसणं भाग होतं, तेही गप्प.

पहिल्या दिवशी सहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी नऊ. मधेच ती खिडकीतल्या कोळ्याकडे बोट दाखवायची, भुवया उंचावून विचारायची, आणि मी मांडीवरचे हात घट्ट धरून बसायचो. कोळी आपल्याच जाळ्यात का अडकत नाही हे मला ठाऊक होतं. असं काही पोटात ठेवायची सवय मला कधीच नव्हती. दोनदा तोंडून निघून गेलं आणि दोन्हीदा तिची काडी पडली.

दहाव्या दिवशी ती काडी धरून गणितं सोडवत बसली. सात आठे चोपन्न लिहिलं. माझ्या डोळ्यांदेखत, पेनानं. घड्याळात अकरा मिनिटं झाली होती. पुढची सगळी उत्तरं त्या चोपन्नावर उभी राहत गेली, आणि मी पाहत राहिलो. तीस मिनिटांचा गजर वाजला तेव्हा काडी ओठांतच होती. तिनं ती काढून पुसली.

“बोला आता, आजोबा. मघापासून तुमचंच तोंड उघडतंय.”

मी वही ओढली आणि सुरुवात केली. चूक कुठं झाली, पुढची चार उत्तरं कशी घसरली; आठ सत्ते किती ते मात्र तिच्याकडूनच काढून घ्यायचं होतं. ती मन लावून ऐकत होती आणि तिचं तोंड पुन्हा आ वासून उघडं होतं. दातांच्या डॉक्टरांकडे जायला दहा दिवस उरले होते. ‘तोंड मीट’ हा हुकूम माझ्या ओठांवर आला होता.

तो मी गिळला. गणितही अर्ध्यावर सोडून गप्प बसलो. ती थोडा वेळ वाट पाहत राहिली, मग तिनं वही आपल्याकडे वळवून घेतली. पहिला आकडा खोडता खोडता तिचे ओठ आपोआप मिटले.

चोपन्नाच्या जागी तिनं बावन्न लिहिलं. मी काही बोललो नाही.