साठ तिकिटांचा स्टँड

“आबा, उठा. आत्ता निघालो तर कारपार्कमधून सुटू, नाहीतर तासभर अडकू,” श्रीनाथ म्हणाला.

पोराच्या बोलण्यानं शिवराम हलला नाही. “अजून वीस मिनिटं हाईत.”

“थ्री-निल झालंय! आता काय व्हायचं राहिलंय?”

सिडनीतल्या पॅरामॅटाच्या मैदानावर भारताच्या मुली फुटबॉलमध्ये व्हिएतनामशी हरत होत्या. मराठी मंडळानं एकदम साठ तिकिटं काढली होती. सगळ्यांनी फेटे बांधून, मैदानाकडे पाठ करून फोटो काढले. मध्यंतरात निम्मे गेले, तिसऱ्या गोलनंतर उरलेले उठले.

शिवरामनं कोल्हापुरात चाळीस वर्षं मैदानावर फक्कीनं रेषा मारल्या होत्या. तिथं तालमींच्या फुटबॉल संघांच्या मॅचला शिव्या, दगड, शेवटी पोलिसांच्या काठ्या. वर्ल्ड कपात ब्राझील-अर्जेंटिनावरून सख्खे भाऊ महिनाभर अबोला धरायचे. इथले गोरे चिप्स खात बसत आणि चांगल्या खेळाला टाळ्या देत, मग तो कुणाचाही असो. बाजू नसलेली ही कसली माणसं, म्हणून मघाशी त्याला त्यांचाच राग आला होता. पण ती गोरी माणसं अजून बसून होती. पलीकडे कॅब्रामॅटा उपनगरातून आलेली व्हिएतनामी माणसं पहिल्या मिनिटापासून ढोल बडवत होती.

मंडळाचा अध्यक्ष चंद्रहास फेटा काखेत मारून जवळ आला. “काका, नो वरीज. आपण सपोर्ट केला की. फोटो पेजवर टाकलेत पण. जानेवारीत क्रिकेटला या, मग बघा आपला आवाज.”

“जिकताना समदीच वरडत्यात, त्यात काय मोठं?”

“आबा, हळू. लोक बघतायत.”

“बघू दे की! फेटा बांधून मिरवताना बघत हुते, तवा ग्वाड वाटलं व्हय? अरं, मॅच संपल्यावर पोरी हिकडं येत्यात. त्यांनी काय खुर्च्यास्नी हात जोडायचं?”

चंद्रहास हसला. “काका जाम पॅशनेट आहेत हं,” असं म्हणत तो पायऱ्या चढून गेला.

त्या हसण्यानं शिवरामच्या अंगाचा भडका उडाला. आपल्या गावात असं मध्येच उठणाऱ्याला पोरांनी पेठेत तोंड दाखवू दिलं नसतं.

“मी गाडी काढतो,” श्रीनाथ चिडून म्हणाला. “फोन केला की गेटवर या. लगेच.”

चौथा गोल झाला. शिवराम एकटाच ओरडत राहिला, “दम धर पोरी! कडंची बाजू सोडू नगंस!” घसा फाटला तरी थांबला नाही.

शिट्टी वाजली. घामेजलेल्या मुली रांगेनं त्याच्या स्टँडपुढे आल्या. एक लंगडत होती. त्यांनी डोकी वर करून रिकाम्या रांगांवरून नजर फिरवली आणि ती एका म्हाताऱ्यावर येऊन थांबली.

निदान एकीला तरी नावानं हाक मारावी, असं त्याला वाटलं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की त्याला एकीचंही नाव माहीत नाही. इथं येताना त्यानं कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

खिशात फोन वाजू लागला.

शिवरामनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लंगडणारी सगळ्यांत शेवटी आत गेली, तोवर तो वाजवतच होता.